पराभूताचा पुतळा

श्रोतेहो, इतिहास शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यानें चित्रपटांतील एका कल्पित मुष्टियोद्ध्याविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु लोक पुतळे कोणाचे उभारतात, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरांत १७७६ सालीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा मान्य झाला. त्याच शहरांतील कलासंग्रहालयाच्या ७२ पायऱ्या धांवत चढून माथ्यावर दोन्ही हात उंचावण्यासाठीं लोक दुरून येतात. ज्याच्या स्मरणार्थ हें चालतें, तो रॉकी बाल्बोआ या भूतलावर कधीं जन्मलाच नाहीं!

त्याचें मूळ मात्र खरें आहे. २४ मार्च १९७५ रोजीं ओहायो राज्यांत जगज्जेत्या महंमद अलीपुढें चक वेपनर नांवाचा योद्धा उभा राहिला. त्याचा निभाव लागेल असें फारसें कोणास वाटत नव्हतें. पण तो मार खात खात टिकला आणि पंधरावी, म्हणजे शेवटची, फेरी संपण्यास अवघे १९ सेकंद उरले असतां पंचांनीं सामना थांबविला. ती झुंज पाहून सिल्व्हेस्टर स्टॅलोन या हलाखींत असलेल्या नटाला कथा सुचली. तिचा पहिला खर्डा आपण साडेतीन दिवसांत लिहिला, असें तो सांगतो. निर्मात्यांना कथा हवी होती, पण नायक नामांकित हवा होता. नायक मीच होईन, एरवीं कथा देणार नाहीं, हा हट्ट त्यानें सोडला नाहीं. सुमारें दहा लाख डॉलरांत, अवघ्या २८ दिवसांत चित्रण झालेल्या ‘रॉकी’ला १९७६ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून ऑस्कर पारितोषिक मिळालें.

कथेंतील मर्म असें, कीं रॉकी जिंकत नाहीं. झुंजीच्या आदल्या रात्रीं तो आपल्या प्रेयसीला स्पष्ट सांगतो, कीं जगज्जेत्याला हरविणें आपल्याच्यानें होणार नाहीं. पंधरा फेऱ्या पायांवर उभा राहिलों म्हणजे झालें. तो उभा राहतो. पंचांचा निकाल विरुद्ध जातो, आणि तेव्हां तो निकालाकडे लक्ष न देतां तिलाच हांका मारीत असतो. पुढील भागांत त्यानें विजय मिळविले, १९७९ पासून २००६ पर्यंत पांच उत्तरभाग निघाले. पण लोकांच्या मनांत घर केलें तें त्या पहिल्या पराभवानें.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच फिलाडेल्फियांत जो फ्रेझियर राहत असे. १९६४ सालीं ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळविणारा आणि ८ मार्च १९७१ रोजीं अलीला हरविणारा हा खरा वीर. तरुणपणीं तो तेथील खाटिकखान्यांत राबला होता. चित्रपटांत रॉकीही टांगलेल्या मांसावर ठोसे मारून सराव करतो. १९८२ च्या तिसऱ्या भागासाठीं घडविलेला रॉकीचा पुतळा २००६ सालीं त्या पायऱ्यांच्या पायथ्याशीं बसला. फ्रेझियर २०११ सालीं वारला, आणि त्याचा पुतळा शहरांत उभा राहिला तो २०१५ सालीं. कल्पितावर प्रेम करणें सोपें असतें. शेजारच्या जिवंत माणसाचे कष्ट आपल्या डोळ्यांत उशिरां भरतात.

हें लिहितांना मला माझाच वर्ग आठवला. निकालाच्या दिवशीं पहिल्या पांच मुलांचीं नांवें मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत असें. एक मुलगा दोनदां नापास होऊन तिसऱ्या खेपेस पास झाला. त्याचें नांव मीं लिहिलें नाहीं, तसें करावें असें मला सुचलेंही नाहीं. आज तो फळा पुन्हा हातीं आला, तर मी प्रथम तेंच नांव लिहीन. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं असा एखादा मुलगा असेल, त्यांनीं पुतळ्याची वाट न पाहतां त्याच्या पाठीवरून आजच हात फिरवावा, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.