गोपनीय : एका शब्दाची झाडाझडती



आपल्याला रोज एका शब्दाचा दगड लागतो. कचेरीत जा, गिरणीच्या ऑफिसात जा, कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या खिडकीवर जा. काय विचारलं की साहेब मान वर न करता म्हणतो, 'ते गोपनीय आहे.' संपलं. आपण पायऱ्या उतरतो. एवढासा चार अक्षरांचा शब्द, पण माणूस परत पाठवायला पुरतो.

मराठीत न दिसणाऱ्या कारभाराला शब्द कमी नाहीत. गुपित आहे, गौडबंगाल आहे, 'गुलदस्त्यात ठेवलंय' आहे. पण हे सगळे शब्द बाहेर उभ्या असलेल्या माणसाचे. त्याला संशय आला की तो म्हणतो, यात काहीतरी गौडबंगाल आहे. 'गोपनीय' मात्र आतल्या माणसाचा शब्द आहे. तो शिक्का मारून बोलतो. म्हणून त्याचीच झाडाझडती घ्यायची. हा शब्द कुठून आला, कुणाच्या घरी वाढला, हे बघायचं.

शब्दाच्या मुळाशी 'गुप्' हा संस्कृत धातू. त्याचा पहिला अर्थ लपवणं नव्हे, राखणं. गोप म्हंजे गाय राखणारा. भाषेचे अभ्यासक सांगतात, की हा धातूच त्या गुराख्याच्या 'गोप' शब्दावरनं पडला. चंद्रगुप्त म्हंजे चंद्रानं राखलेला, चंद्रानं लपवलेला नव्हे. पुढं राखता राखता अर्थ सरकला. जे राखायचं ते झाकायचं, जे झाकायचं ते दाखवायचं नाही. गुप्त, गुपित, गोपनीय ही सगळी त्याच घरची पोरं.

इथपर्यंत कुठलाही शब्दकोश सांगेल. पण याच धातूचं आणखी एक पोर आहे, ते घरात कुणी दाखवत नाही. ते म्हंजे 'जुगुप्सा'. गुप् धातूला इच्छेचा प्रत्यय लावला की हा शब्द होतो. स्वतःला राखायची इच्छा, म्हणून दूर सरकायची इच्छा, म्हणून किळस. रसशास्त्रात बीभत्स रसाचा स्थायीभाव हाच.

आता तीन अर्थ एका रांगेत मांडा. राखणं. लपवणं. किळस करणं. दोस्तांनो, सोवळं याहून वेगळं काय असतं? देव राखायचा, पाणी राखायचं, विद्या राखायची. मग ते सगळं झाकायचं. मग ज्याच्यापासून राखलं त्याची किळस करायची. शब्दानं जात घडवली असं मी म्हणत नाही. जात माणसांनी घडवली, जमिनीच्या आणि पाण्याच्या जोरावर घडवली. पण शब्दाच्या अंगावर तिचे वळ राहिले.

पटत नसेल तर मनुस्मृतीचा दुसरा अध्याय बघा. मुलाचं नाव कसं ठेवावं, याचा कायदा तिथं आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं. आणि शूद्राचं? तिथं शब्द आहे 'जुगुप्सित'. किळस यावी असं. एकच धातू. वरच्याला राखलं आणि खालच्याच्या बारशाला किळस दिली. आपल्या आज्या-पणज्यांची नावं आठवा, म्हंजे हा कायदा कागदावर राहिला नव्हता हे कळेल.

काय राखलं होतं? वेद राखले होते. शूद्रानं वेद मुद्दाम ऐकला तर त्याच्या कानात वितळलेलं कथील ओतावं, असं गौतमाचं धर्मसूत्र सांगतं. कान बंद करायची ही तजवीज. गुप्ततेचा कायदा याहून कडक कुठल्या सरकारनं केला असेल, मला वाटत नाही.

आणि हे फार जुनं म्हणून सोडून देऊ नका. बाबासाहेबांना मुंबईत शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढं स्वतः मिळवलं. आणि मिळवून काय केलं? पोथ्या उघड्यावर आणल्या. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, ती चारचौघांत, परिषदेत ठराव करून. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात त्यांच्याच पोथ्यांची वचनं त्यांच्याच समोर ठेवली. जाळण्याआधी वाचलं होतं आणि जाळल्यावरही वाचणं सोडलं नाही. हे ध्यानात ठेवा. नुसतं जाळणं सोपं आहे, वाचून उघडं करणं अवघड.

या राखणीला पहिला उघड नकार मात्र अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे. वैशालीजवळच्या बेलुव गावात वर्षावासात बुद्ध आजारी पडला. आनंद घाबरला. त्याला वाटलं, भगवान संघाला काहीतरी शेवटचं सांगितल्याशिवाय जाणार नाहीत. बुद्धाचं म्हणणं असं होतं, की मी आतलं-बाहेरलं असा भेद न ठेवता धम्म सांगून टाकलाय, माझ्याकडं गुरूची झाकली मूठ नाही. पाली भाषेत तिला 'आचरियमुट्ठि' म्हणतात. गुरू शेवटचा मंत्र मुठीत ठेवतो, आवडत्या चेल्याला मरताना देतो. त्या सगळ्या धंद्यालाच तो नकार होता.

आपल्या मराठीत म्हण काय आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची. बघा, किंमत मुठीत काय आहे त्याची नाही. झाकली आहे, याचीच किंमत. उघडली की कळतं, आत काहीच नव्हतं.

अंगुत्तर निकायात आणखी एक वचन आहे. तीन गोष्टी झाकूनच चालतात, उघड्यावर नाही. त्यांत ब्राह्मणांचे मंत्र आणि खोटी दृष्टी ही दोन नावं आहेत. आणि चंद्र, सूर्य, धम्म या तीन गोष्टी उघड्यावर प्रकाशतात. झाकायच्या यादीत तिसरं नाव बाईचं आहे. आपले काही वक्ते स्टेजवरनं ते गाळून बोलतात. मी गाळणार नाही. गोपनीयतेवर लिहायचं आणि आपल्याच पानावर बोट ठेवून झाकायचं, हे जमणार नाही. ते वचन चुकीचं वाटलं तर चुकीचं म्हणू, पण वाचून म्हणू.

आता पोथीतनं गावात येऊ. गावात वेद नव्हता, दप्तर होतं. कुळकर्ण्याचं दप्तर, मोडी लिपीतलं. मोडी लपवण्यासाठी काढलेली लिपी नव्हे, भरभर लिहिण्यासाठीची. पण ज्याला अक्षरच दिलं नाही, त्याला बाळबोध काय आणि मोडी काय, सगळी झाकली मूठच. जोतीरावांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हेच मांडलं. भटकामगार आणि कुळकर्णी कागदाच्या जोरावर अडाणी शेतकऱ्याला कसा नागवतो, ते त्यांनी उकलून दाखवलं. म्हणून ते शाळेच्या मागं लागले. अक्षर म्हंजे मूठ उघडायची किल्ली.

आणि महार? गावाच्या शिवेचा वाद झाला की साक्ष महाराची. शीव कुठून जाते, कुठल्या दगडाला वळते, हे त्याच्या डोक्यात. त्याचं ज्ञान उघडं. जो विचारील त्याला सांगायचं, सांगितलं नाही तर मार. कुळकर्ण्याचं ज्ञान झाकलेलं. तोच महार सरकारी लखोटा घेऊन तालुक्याला पळायचा. ऊन नाही, पाऊस नाही. लखोट्यात काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. कदाचित त्याच्याच जमिनीचं काही असेल, त्याच्याच शिक्षेचं असेल. स्वतःचं नशीब बंद पाकिटात घालून डोक्यावर वाहणारा दुसरा माणूस जगात कुठं सापडेल? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. महारवतन कायद्यानं गेलं ते मात्र १९५८ च्या कायद्यानंतर. लखोटा डोक्यावरनं उतरला. वाचायचा राहिलाच.

कारण कुळकर्णी गेला तरी दप्तर राहिलं. इंग्रजानं १८८९ साली सरकारी गुपितांचा कायदा केला, १९२३ साली तो नव्यानं घट्ट केला. गोरा साहेब काळ्या रयतेपासून कागद राखत होता. १९४७ ला साहेब गेला, कायदा ठेवून गेला. तो अजून आहे. मग ज्याच्या हातात शिक्का, तो साहेब.

गिरणीतही तेच. मी रिंगखात्यात काम करतो. पगाराच्या चिठ्ठीवर 'इतर कपात' असा एक रकाना आहे. इतर म्हंजे काय, असं मी टाइमकीपरला विचारलं. तो म्हणाला, रजिस्टर गोपनीय आहे. माझ्या घामाचा हिशेब, आणि माझ्यापासूनच राखलेला.

छापूनही लपवता येतं, हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावं. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीचंच घ्या. १९९१ च्या विकास नियमावलीत ५८ नंबरचा नियम होता. गिरणीची जमीन विकासाला काढली तर ढोबळमानानं एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची नाही, फक्त मोकळ्या जमिनीची. शेड उभ्या होत्या ती जागा हिशेबातनं गेली, आणि शहराच्या आणि घरांच्या वाट्याला तुकडा उरला. हायकोर्टानं २००५ साली हे अडवलं, सुप्रीम कोर्टानं मार्च २००६ मध्ये मालकांच्या बाजूनं निकाल दिला. सगळं छापील, सगळं कायदेशीर. १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार रस्त्यावर होते. वीस वर्षांनी त्यांची जमीन एका शब्दानं गेली, तेव्हा तो शब्द वाचायला कितीजण होते?

मूठ उघडायचं काम कुठल्या पुढाऱ्यानं केलं नाही, मस्टरवरच्या मजुरांनी केलं. राजस्थानात १९९० साली मजदूर किसान शक्ती संघटन उभं राहिलं. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावात त्यांनी पहिली जनसुनवाई घेतली. केलं काय, तर दुष्काळी कामाचे मस्टर आणि बिलं गावापुढं मोठ्यानं वाचली. एवढंच. जे कधी कामावर नव्हते त्यांची नावं निघाली. नुसतं वाचून दाखवणं किती मोठा बॉम्ब असतो, ते तिथं कळलं. तिथनं सुरू झालेली लढाई २००५ च्या माहिती अधिकार कायद्यापर्यंत आली. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्याला तीही माफ, तीस दिवसांत उत्तर.

या कायद्यानं आपल्या हाती काय लागलं? २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल खेळ झाले. दलितांसाठीच्या विशेष घटक योजनेचे सातशे कोटींहून जास्त रुपये त्या खेळांकडं वळवले होते. हे माहितीच्या अर्जातनं बाहेर आलं आणि गृहमंत्र्यांना राज्यसभेत पैसे वळवल्याचं कबूल करावं लागलं. नोकरीतला गोपनीय अहवाल घ्या. साहेब वर्षाला शेरा मारणार, बढती त्यावर अडणार, आणि ज्याच्यावर मारला त्याला फक्त वाईट शेराच कळवायचा रिवाज. 'बरा' असं लिहून माणूस कुजवता यायचा. २००८ साली देव दत्त प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, प्रत्येक शेरा कळवला पाहिजे. आपले किती लोक त्या 'बरा' खाली गाडले गेले असतील!

म्हणून तर मुठी पुन्हा आवळायला लागल्यात. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात माहिती अधिकारातलं खासगी माहितीचं कलम बदलायची तरतूद घातली. आधी लोकहिताचा असेल तर असा तपशील द्यावा लागे, असं त्या कलमातच होतं. बदललेल्या कलमात ते शब्द नाहीत. नाव बघा : संरक्षण. पुन्हा तोच गुराखी, पुन्हा राखणं.

मग सगळंच उघडं करायचं का? नाही. १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी वसतिगृहात पारशी नाव सांगून राहिले. कळल्यावर लाठ्या घेऊन जमाव आला. आज शहरात खोली मिळावी म्हणून आडनाव गिळणारी पोरं आपल्यात आहेत. अत्याचाराची फिर्याद देणाऱ्या बाईचं नाव, साक्षीदाराचा पत्ता राखलाच पाहिजे. ही राखण दुबळ्याची आहे, जिवासाठी आहे. साहेबाचं गुपित आणि हे गुपित एका तागडीत घालू नका. म्हणून प्रश्न एकच विचारायचा : कुणासाठी राखलं, आणि कुणापासून? दुबळ्याला जबरदस्तापासून राखलं असेल तर आपणही पहाऱ्यावर उभं राहू. जबरदस्ताला आपल्यापासून राखलं असेल तर तो दरोडा आहे, आणि त्यावर राखणीचा शिक्का आहे.

हा प्रश्न आधी आपल्या दारात विचारा. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब विहाराच्या फळ्यावर लागतो का? बुद्धवंदना मंडळाची पासबुकं कुणाच्या ट्रंकेत आहेत? विचारणाऱ्या पोराला 'तुला काय करायचंय' म्हणणारा आपला नेता आणि तो कुळकर्णी, यांच्यात फरक फक्त टोपीचा. ज्यांच्या शास्त्यानं मूठ झाकली नाही, त्यांना पावती झाकायचा हक्क नाही.

तेव्हा या महिन्यात प्रत्येकानं दोन कामं करावीत. आपल्या वस्तीतल्या हिशेबाचा कागद फळ्यावर लावावा. आणि आपल्या तालुक्यातल्या एका कचेरीत बिंदुनामावलीची नक्कल मागणारा एक अर्ज टाकावा. कुठली जागा कुणाची, किती भरल्या, किती वर्षं रिकाम्या, ते त्यात असतं. उत्तर आलं की चौकात उभं राहून मोठ्यानं वाचावं. बापजाद्यांनी लखोटा न वाचता वाहिला. आपण तो फोडून वाचायचा.

जयभीम.