सायीची वाटणी

आमच्या घरातलं पहिलं महायुद्ध सायीवरून पेटलं. चिंचवडला आमच्याकडे दूध चाकणच्या बाजूने यायचं. तापवून निवलं की वर जाड साय धरायची. तिच्यावर हक्क सांगणारे पक्ष तीन. आजीला ती विरजून तूप कढवायला हवी, मला साखर घालून पोळीबरोबर, आणि ताईला तोंडाला लावायला. आजीचा निकाल ठरलेला : "तोंडात घालायची वस्तू तोंडाला काय फासायची?" थोडक्यात, मुलगा खातो ते अन्न आणि मुलगी लावते तो नखरा!

इतिहास खरं तर ताईच्या बाजूचा होता. दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेन नावाचा वैद्य मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी घोटत बसला होता. कोल्ड क्रीमचा तोच मूळपुरुष. आपले वैद्यही मागे नव्हते. तांब्याच्या भांड्यात तूप पाण्याने शंभर वेळा धुवायचं, की ते पांढरं, मऊ लोण्यासारखं होतं. हेच शतधौत घृत. १९१९ साली मुंबईत पाटणवालांनी अफगाण स्नो काढला, आणि तोंडाला लावायची वस्तू बाटलीत जाऊन बसली. बाटलीत गेली की नखऱ्याला प्रतिष्ठा येते. कातडीला मात्र यातलं काही कळत नाही. स्निग्धाचा थर आतलं पाणी उडू देत नाही, एवढंच तिला ठाऊक. (मुरुमं असतील तर हाच थर भोवतो, तेव्हा त्यांनी सायीच्या वाटेला जाऊ नये.)

पण आजीपुढे गॅलेनची काय मातब्बरी? निकाल फिरला तो पिंपरीमुळे. १९५४ साली तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि बघता बघता आसपासच्या माळांवर भोंगे वाजू लागले. बाबा अशाच एका कारखान्यात लेथवर होते. हाताचं ग्रीस ते रॉकेलने काढायचे. रॉकेल ग्रीस न्यायचं आणि जाता जाता अंगचं तेलही न्यायचं. तळव्यांना भेगा पडायच्या. मग आजी कढवलेल्या तुपाची कोमट बेरी त्या भेगांत चोळत बसायची.

एकदा ताई म्हणाली, "आजी, बाबांच्या हाताला लागतं ते औषध आणि माझ्या गालाला लागतो तो नखरा?"

आजी बोलली नाही. पंगतीत तूप वाढून झालं की तिचा हात फडक्याला न पुसता हळूच स्वतःच्या गालावरून फिरायचा, हे त्या दिवशी मला प्रथम दिसलं. तरुणपणीच विधवा झालेली बाई. तोंडाला लावायला काही मागायची तिला सोयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी कोनाड्यात ताईसाठी वाटीभर साय होती. माझ्या पोळीला त्या दिवसापासून तेल-चटणी.