मोडीचा भाव

अडल्या वेळीं घरांतील मोलाची वस्तु घेऊन मनुष्य सावकाराच्या किंवा सराफाच्या पेढीची पायरी चढतो आणि शंभराचा ऐवज पन्नासांस देऊन खालीं उतरतो, हा देखावा कोणत्याहि शहरास नवा नाहीं. तो पाहून सुस्थितींतील माणसें बहुधा एकच निदान करितात. "अडाणी लोक! वस्तूची किंमतच त्यांना कळत नाहीं." दुसरे कांहीं जण उधळेपणास दोष देतात. शाळेंत पुष्कळ वर्षें मुलांकडून व्याजाचीं उदाहरणें सोडवून घेतलेल्या माझ्यासारख्या मास्तराला तरी हें निदान पटत नाहीं. आणि तें कां पटत नाहीं हें सांगण्यासाठींच मी इतिहासांतील कांहीं प्रसंग आज आपणांपुढें ठेवणार आहें.

दागिना करतांना घडणावळ मोजावी लागते आणि मोडीत घालतांना ती मिळत नाहीं, झाळणाची व कसाची तूट धरली जाते, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. त्या तुटीविषयीं मला बोलावयाचें नाहीं. ती वजा जातांहि जो मोठा खड्डा उरतो, त्याविषयीं बोलावयाचें आहे.

प्रथम घरचाच दाखला घेऊं. १८७६ ते १८७८ या काळांत दख्खनवर जो भयंकर दुष्काळ पडला त्यांत सोलापूर, अहमदनगर, पुणें, सातारा या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं आधीं जनावरें विकलीं, मग भांडीं विकलीं, आणि अखेर बायकामुलांच्या अंगावरील रुपें विकलें. सरी, वाळे, तोडे, कडदोरे असे दागिने गांवोगांवच्या पेढ्यांवरून निघाले आणि मुंबईच्या टांकसाळींत त्यांची रीघ लागली. आतां हे विकणारे लोक खरोखरच किंमतीविषयीं अजाण होते काय? त्या काळचा रुपया म्हणजे १८० ग्रेनांचें, म्हणजे बरोबर एक तोळा वजनाचें नाणें. त्यांत १२ भागांपैकीं ११ भाग शुद्ध चांदी. १८९३ सालापर्यंत कोणीहि चांदी आणून द्यावी आणि टांकसाळीनें थोडीशी मजुरी घेऊन तिचे रुपये पाडून द्यावे, असा नियम होता. तेव्हां चांदीचा भाव जाणण्यासाठीं शेतकऱ्याला वर्तमानपत्र वाचण्याची गरज नव्हती. तराजूच्या एका पारड्यांत वाळे आणि दुसऱ्या पारड्यांत रुपये घातले कीं झालें! कस कमी धरा, तूट धरा. तरी २० तोळ्यांचे तोडे १५-१६ रुपयांच्या खालीं कां जावे, हें गणित अक्षरशत्रूलाहि येत होतें.

तरी ते खालीं गेले. कारण टांकसाळ मुंबईस होती आणि भूक घरांत होती. चांदी मुंबईस पोहोंचून, तिचे रुपये होऊन ते परत येण्यास जितके दिवस लागत, तितके दिवस ज्याला थांबतां येत होतें तो सावकार, आणि ज्याला थांबतां येत नव्हतें तो शेतकरी. किंमत दोघांनाहि ठाऊक होती. फरक होता तो दिवसांचा. त्यांतच सारा गांव एकदम विकावयास निघालेला. विकणारे शंभर आणि घेणारा एक. दुसऱ्या बाजूनें धान्य रोज महागत होतें, म्हणजे आज न विकलेला तोडा उद्यां आणखी कमी जोंधळे आणणार. अशा वेळीं थांबणारा मनुष्य शहाणा ठरत नाहीं, तो मरतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांतहि हाच क्रम दिसला. आणि दुष्काळांत केवळ धान्य संपतें असें नव्हे, तर माणसाजवळच्या वस्तूंची धान्य मिळवून देण्याची शक्ति संपते, हें तत्त्व अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत सविस्तर मांडलें.

आतां दुसरें कारण सांगतों. मला तें पहिल्याहून महत्त्वाचें वाटतें, आणि त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. पेढीवर येणारे पुष्कळसे लोक विकावयास येतच नाहींत. ते गहाण ठेवावयास येतात. आणि सोडवून नेण्याच्या इराद्यानें जो वस्तु ठेवतो तो तिची पुरी किंमत मागत नाहीं. तीनशें रुपयांच्या पाटल्या पुढें करून तो शंभरच मागतो; कारण रक्कम जितकी लहान तितकें व्याज थोडें, आणि पाटल्या घरीं परत येण्याची आशा मोठी. हा हिशेब मूर्खाचा नव्हे, काटकसरी गृहस्थाचा आहे. पुढें पाऊस दगा देतो, किंवा आजारी माणूस अंथरुणावरून उठत नाहीं. मुदत सरते, आणि पाटल्या शंभरांत बुडतात. बाहेरच्यांस दिसतें तें एवढेंच, कीं तीनशेंचा ऐवज शंभरांस फुंकला! वास्तविक ती विक्री करावी असें कोणी ठरविलेंच नव्हतें.

याचा स्वच्छ दाखला पाहावयाचा तर आपणांस घटकाभर इंग्लंडांत गेलें पाहिजे. कारण तेथें १८७२ सालीं पार्लमेंटानें गहाणाच्या दुकानांसाठीं जो कायदा केला त्यांत दर, मुदत, चिठ्ठीची फी हें सारें आंकड्यांनीं लिहून ठेविलेलें आहे. या दुकानांवर तीन सोनेरी गोळ्यांची खूण टांगलेली असे. मुदत बारा महिने आणि वर सात दिवस. व्याज दोन शिलिंगांस दरमहा अर्धा पेनी, आणि लहान कर्जाच्या चिठ्ठीस आणखी अर्धा पेनी. दोन शिलिंग म्हणजे २४ पेन्स. तेव्हां व्याजाचा दर वर्षास शेंकडा २५ झाला. याला कोणी गळेकापू म्हणणार नाहीं. परंतु कामकऱ्यांच्या वस्तींत रीत अशी होती, कीं सोमवारीं नवऱ्याचा ठेवणींतला कोट दुकानांत ठेवावा, शनिवारीं पगार झाला म्हणजे तो सोडवावा, रविवारीं तो अंगावर घालून नवऱ्यानें फिरावें, आणि सोमवारीं कोटानें पुन्हां दुकानाची वाट धरावी. महिना पुरा होवो अगर न होवो, व्याज महिन्याचें. आणि चिठ्ठी दर खेपेस नवी. म्हणजे दोन शिलिंगांस आठवड्याला एक पेनी पडला. वर्षाचे ५२ पेन्स झाले, आणि मुद्दल अवघें २४! शेंकडा २१६⅔ हें उत्तर वर्गांत आलें तर उदाहरण छापणाराच चुकला असें मुलें म्हणतील.

कायद्यांतील खरी मेख याच्याहि पुढें आहे. कर्ज दहा शिलिंगांपर्यंतचें असेल आणि मुदतींत सोडविलें नाहीं, तर वस्तु दुकानदाराची झाली. पुढें बोलणें नाहीं. कर्ज दहा शिलिंगांवर असेल तर मात्र वस्तूचा लिलाव झाला पाहिजे, आणि दुकानदाराचें येणें वळतें करून जो वाढावा राहील तो मालकानें तीन वर्षांच्या आंत मागितल्यास त्यास दिला पाहिजे. लहान वस्तूंचे लिलाव करूं म्हटल्यास खर्चच जास्त, असें दुकानदारांच्या बाजूनें म्हणतां येईल, आणि तें अगदींच खोटें नाहीं. पण निष्पन्न काय झालें? ज्याचें सोन्याचें घड्याळ बुडालें त्याचा वाढावा त्याला मिळे. जिची चादर बुडाली तिचा वाढावा दुकानांत राही.

हा वाढावा कोणाचा, हा प्रश्न इटलींत चारशें वर्षांपूर्वींच निघाला होता. पेरुजा शहरीं १४६२ सालीं फ्रान्सिस्कन भिक्षूंच्या खटपटीनें गरिबांसाठीं एक गहाणपेढी निघाली. "दयेचा डोंगर" असा तिच्या नांवाचा शब्दशः अर्थ होतो. येथें डोंगर म्हणजे जमविलेल्या पैशाचा ढीग. वस्तूवर अल्प व्याजानें कर्ज द्यावें, मुदत टळल्यास वस्तु जाहीर लिलावानें विकावी, आणि वाढावा मालकाच्या हवालीं करावा, अशी या पेढ्यांची पद्धत. व्याज घेणें पाप असतांना भिक्षूंच्या पेढीनें तें कसें घ्यावें यावर पन्नास वर्षें वाद माजला; अखेर १५१५ सालीं पोप दहावा लिओ यानें खर्च भागण्यापुरतें व्याज घेण्यास मान्यता दिली.

पॅरिस शहरांत १७७७ सालीं याच नांवाची सरकारी पेढी स्थापन झाली. फ्रेंच लोक तिला "माझी आत्या" असें म्हणतात. घड्याळ कोठें गेलें म्हणून कोणी विचारल्यास, आत्याकडे विसरलों, असें सांगावयाची सोय! इंग्रजांनींहि गहाणाच्या दुकानदाराला काका करून ठेविला आहे. आमच्याकडे सावकाराशीं असें नातें कोणी जोडल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. मात्र या थट्टेच्या पोटांत जी लज्जा आहे ती सर्व देशांत एकच. आमच्या शाळेंत परीक्षेची फी भरण्याची तारीख जवळ आली म्हणजे एखाद्या मुलाच्या घरचें तांब्याचें घंगाळ मोडीत जाई. तें दिवेलागणीनंतर, पदराआड किंवा पोत्यांत घालून, आणि बहुधा दुसऱ्या पेठेंत. चांगला भाव मिळवावयाचा तर तीन दुकानें हिंडलीं पाहिजेत. पण तीन दुकानें हिंडणें म्हणजे तिघांना घरची अडचण सांगणें. म्हणून पहिलें दुकान सांगेल तो भाव. अब्रू राखण्याचें मोल मनुष्य असें तांब्यांत आणि सोन्यांत मोजून देतो, आणि वर त्यालाच आपण अव्यवहारी म्हणतों.

त्याच पॅरिसमध्यें १८७०-७१ च्या वेढ्यानंतर कम्यूनचें राज्य आलें, तेव्हां मे १८७१ मध्यें एक हुकूम निघाला. वीस फ्रँकांपर्यंतच्या कर्जासाठीं ठेवलेले कपडे, अंथरुणें, पुस्तकें आणि कामाचीं हत्यारें मालकांनीं फुकट सोडवून न्यावीं, असा तो हुकूम. या यादींतील शेवटच्या शब्दावर माझें मन नेहमीं अडखळतें. ज्या हत्याराच्या बळावर कर्ज फेडावयाचें तेंच हत्यार कर्जापायीं पेढीवर पडलेलें! ती पेढी आजहि निराळ्या नांवानें चालू आहे, आणि लिलावांतील वाढावा मालकास देण्याची तिची रीतहि चालू आहे.

आपल्याकडे सरकारला जाग आली ती दंग्यानंतर. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरें-दुकानें गांठलीं. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. त्यांतून १८७९ सालचा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा निघाला आणि खतावर लिहिलेल्या रकमेच्या मागें जाऊन मूळ हिशेब तपासण्याची मुभा न्यायाधीशांस मिळाली. सावकारीस परवान्याचें व व्याजमर्यादेचें बंधन घालणारा मुंबई इलाख्याचा कायदा १९४६ सालचा. त्याची जागा महाराष्ट्रांत २०१४ सालच्या कायद्यानें घेतली.

आतां एका घराची नव्हे, साऱ्या देशाची मोड झाली तो प्रसंग. १९२९ नंतरच्या मंदींत शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. सारा मात्र रुपयांत ठरलेला, सावकाराचें व्याजहि रुपयांत ठरलेलें. एक पोतें विकून जें देणें फिटे त्याला दोन पोतीं लागूं लागलीं. अशांत २१ सप्टेंबर १९३१ रोजीं इंग्लंडनें सुवर्णचलन सोडलें आणि आपला रुपया १ शिलिंग ६ पेन्स या दरानें स्टर्लिंगलाच बांधलेला राहिला. १९२७ च्या कायद्यानें सोन्याचा सरकारी भाव तोळ्यास २१ रुपये ३ आणे १० पै असा होता. तो बाजारांत थोड्याच महिन्यांत पंचविशी ओलांडून तिशीकडे गेला. आणि खेड्याखेड्यांतून सोनें बाहेर पडूं लागलें. तालुक्याचा सराफ, तेथून मुंबई, तेथून बोटीनें लंडन. १९३९ चें युद्ध सुरू होईपर्यंत ३०० कोटी रुपयांहून अधिक किंमतीचें सोनें देशाबाहेर गेलें. निर्यात बंद करा म्हणून येथील पुढाऱ्यांनीं आणि व्यापाऱ्यांनीं ओरड केली. अर्थखात्याचे सभासद सर जॉर्ज शुस्टर यांच्या बाजूचें म्हणणें असें, कीं लोक चढ्या भावाचा फायदा घेत आहेत, त्यांस कां अडवावें?

वरवर पाहतां यांत चूक काढणें कठीण. एकवीस रुपयांचें सोनें तीस रुपयांस जातें, यास स्वस्तांत विकणें कसें म्हणावें? पण विकणारा कोण होता तें पाहावें. नफ्यासाठीं विकणारा भाव आणखी चढेल काय, याचा अंदाज घेत बसतो. साऱ्याचा हप्ता तुंबलेला शेतकरी तसा बसूं शकत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत सोन्याचा भाव १९३१ च्या दुपटीहून पुढें गेला. पाटल्या ज्या घरांतून गेल्या होत्या त्या घरांना त्याचा कांहीं उपयोग नव्हता. कारण पाटल्यांचे आलेले रुपये त्याच आठवड्यांत कांहीं चावडीवर साऱ्याच्या वसुलींत आणि कांहीं सावकाराच्या वहींत जमा होऊन गेले होते.