म्हातारपाखाडी: भायखळ्याशेजारचं गाव

भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून माझगावच्या दिशेने गेलात, की टॉवर्सच्या मधोमध एक गाव लागतं. अरुंद गल्ल्या, लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, उतरती कौलं, मध्ये क्रूस. हीच म्हातारपाखाडी. कोकणात पाखाडी म्हणजे दगडी पायवाट किंवा वाडी.

माझगाव हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. आजचा भायखळा तेव्हा सखल होता आणि भरतीचं पाणी तिथे शिरायचं. १८व्या शतकाच्या उत्तरार्धात महालक्ष्मीजवळ हॉर्नबी वेलार्ड हा बांध घातला गेला आणि ही जमीन हळूहळू कोरडी झाली. माझगावात मात्र त्याच्या कितीतरी आधी, पोर्तुगीज काळापासून ख्रिस्ती वस्ती होती. आजही पाखाडीत ईस्ट इंडियन आणि गोवेकर कुटुंबं राहतात.

इथलेच जोसेफ उर्फ काका बॅप्टिस्टा (१८६४-१९३०). टिळकांचे सहकारी, १९१६ साली बेळगावात स्थापन झालेल्या होमरूल लीगचे अध्यक्ष आणि पुढे मुंबईचे महापौर. जवळच्या भंडारवाडा टेकडीवरच्या बागेला त्यांचंच नाव आहे.

पाखाडीला वारसा परिसराचा दर्जा आहे. पण लाकडी घराची डागडुजी महागडी, त्यात वारसदार अनेक. त्यामुळे विकणाऱ्याला लगेच दोष देता येत नाही. एका घराच्या जागी टॉवर आला, तर शेजारच्यांचा उजेड जातो आणि गल्लीत गाड्यांची गर्दी होते.

रील करायला जाणार असाल, तर जिन्यावर बसण्याआधी विचारा. वर कुणीतरी राहतं.