डोळ्यातलं फूल आणि रेशमाचा किडा

माझं बालपण धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठी गेलं. पोळ्याला नदीवर बैल धुवायचे आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत गावात कुणाचे ना कुणाचे डोळे यायचे. 'डोया उनात' म्हणायचं, धण्याच्या पाण्याने डोळे धुवायचे, उन्हात जायचं नाही. एवढ्यावर बहुतेकांचं निभावे. आमच्या सालदाराचं निभावलं नाही. वखरणी करताना उडालेला चिखल त्याच्या डोळ्यात गेला होता. डॉक्टरांनी लांबूनच पाहून 'साथ आहे' म्हणत थेंब दिले. महिने गेले, लाली ओसरली आणि बुबुळावर पांढरं फूल पडलं. पुढे तो डाव्या अंगाने येणारी बैलगाडी मान वळवल्याशिवाय पाहू शकत नसे.

ते फूल कोणत्या जंतूचं होतं, हा निवाडा आता होणार नाही. कारण त्याचा डोळा खरवडून काचपट्टीवर कुणी पाहिलाच नाही. मात्र चिखल, पावसाळा आणि डोळा यांना जोडणारा एक जीव आहे, हे मला जळगावात नोकरीला असताना, निवृत्तीच्या थोडं आधी, वाचनातून कळलं. त्याचं नाव मायक्रोस्पोरिडिया. त्याचा इतिहास चाळताना मी थेट फ्रान्समधल्या तुतीच्या मळ्यांत जाऊन पोहोचलो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युरोपातले रेशमाचे किडे अंगावर मिरपुडीसारखे काळे ठिपके उमटून मरू लागले. या रोगाला पेब्राइन म्हणत. त्या नावातही मिरीच आहे. १८५७ मध्ये कार्ल नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने किड्यांतल्या सूक्ष्म कणांना 'नोसेमा बॉम्बिसिस' असं नाव दिलं आणि त्यांना बुरशीच्या जवळ बसवलं. १८६५ मध्ये लुई पाश्चर आले या गावी गेला. रेशमाचा किडा त्याने तोवर हाताळलाही नव्हता. पाच वर्षं खपून त्याने दिलेला तोडगा अगदी साधा होता : अंडी घातलेली मादी कुटायची, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची आणि कण दिसले तर तिची अंडी फेकून द्यायची. आपल्याकडच्या रेशीम बीजकेंद्रांत आजही मादीची तपासणी याच तत्त्वावर होते. १८८२ मध्ये बाल्बियानीने या जीवांच्या गटाला मायक्रोस्पोरिडिया म्हटलं.

हा जीव मोठा चमत्कारिक आहे. माणसात आढळणारा त्याचा बीजाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, फार तर त्याच्या चौपट. आत एक नळी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. योग्य जागा मिळाली की ती झटक्यात बाहेर फेकली जाते, शेजारच्या पेशीत घुसते आणि बीजाणूचा सारा ऐवज त्या पेशीत ओतते. पुढचं सगळं बिऱ्हाड यजमानाच्या जिवावर. २००१ मध्ये यातल्या एका जातीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यात जेमतेम दोन हजार जनुकं निघाली. बाकीचा संसार त्याने टाकूनच दिला होता. दरम्यान शास्त्रज्ञांनी त्याला आदिजीवांत ढकललं होतं. १९९६ च्या सुमारास रेणूंच्या पुराव्यावरून तो पुन्हा बुरशीच्या कुळात परतला. नेगेलीचा अंदाज सव्वाशेहून अधिक वर्षांनी असा खरा ठरला.

माणसाच्या डोळ्यातली त्याची पहिली नोंद १९७३ मधली, आणि तीही आपल्या शेजारची. श्रीलंकेतल्या अकरा वर्षांच्या एका मुलाच्या पारपटलात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, अ‍ॅश्टन आणि विरसिंहा यांना हे बीजाणू सापडले. त्या मुलाला काही वर्षांपूर्वी शेळीचं शिंग लागलं होतं. पुढे एड्सची साथ आली. रुग्णांच्या डोळ्यांत हा जीव दिसू लागला आणि वैद्यकाने शिक्का मारला : हा प्रतिकारशक्ती खचलेल्यांचा रोग.

हा शिक्का पुसला तो आशियाने. २००३ मध्ये सिंगापूरहून आणि २००६ मध्ये हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतून धडधाकट माणसांमधले रुग्ण नोंदले गेले. हा आजार पावसाळ्यात वाढतो का, असा प्रश्न हैदराबादच्याच संशोधकांनी २०११ मध्ये शीर्षकात विचारला आणि पावसाळ्याकडे बोट दाखवलं. २०१२ मध्ये सिंगापूरला चिखलात रग्बी खेळून परतलेल्या हाँगकाँगच्या खेळाडूंचे डोळे आले, त्यामागेही हाच जीव निघाला.

या सगळ्यात मला एक सूत्र दिसतं. रोग 'दुर्मीळ' होता तो सूक्ष्मदर्शक दुर्मीळ होता म्हणून. जिथे कुणी पाहिलं, तिथे तो सापडला. आणि पाहायला फार मोठी सामग्री लागत नाही. पारपटलाचा वरचा थर हलक्या हाताने खरवडायचा, काचपट्टीवर घ्यायचा, क्षयाच्या जंतूसाठी वापरतात तसा थोडा बदललेला रंग द्यायचा. बीजाणू ओळखू येतात. वरच्या थरातला आजार निरोगी माणसात बहुधा आपोआप बरा होतो. तो विषाणूच्या साथीसारखाच दिसतो, म्हणून त्याच खात्यात जमा होतो. खोल थरात उतरलेला मात्र नागिणीच्या कुळातल्या हर्पिसचा भास घडवतो, चुकीच्या औषधांवर महिनोन्‌महिने रेंगाळतो आणि शेवटी पारपटल बदलण्याची पाळी आणू शकतो.

पाश्चरने किड्याची एकेक मादी भिंगाखाली घेतली, कारण रेशमाला भाव होता. सालदाराच्या डोळ्याला तो नव्हता. तापी, गिरणा, पांझरेच्या खोऱ्यांत दर पावसाळ्यात कपाशी निंदणाऱ्या, केळीच्या बागेत गुडघाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बायाबापड्यांच्या डोळ्यांत काय जातं, हे सांगायला एक काचपट्टी पुरते. 'साथ आहे' असं म्हणण्याआधी ती काचपट्टी पाहिली जावी, एवढंच त्या फुलाचं माझ्यावरचं देणं मी इथे फेडतो आहे.