नारकोंडम धनेश

नारकोंडम धनेश : ब्यूसेरॉटिडी कुलातील एक फलाहारी पक्षी. शास्त्रीय नाव ऱ्हायटिसेरॉस नारकोंडमाय. अंदमान समुद्रातील सु. ६·८ चौ. किमी. क्षेत्रफळाचे नारकोंडम हे ज्वालामुखीजन्य बेट हेच याचे एकमेव वसतिस्थान होय. तेथील वन नष्ट झाल्यास या जातीला निसर्गात अन्यत्र थारा नाही. ए. ओ. ह्यूम (पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच) यांनी १८७३ मध्ये बेटाला भेट दिली व त्याच वर्षी स्ट्रे फेदर्स या आपल्या नियतकालिकात या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

नराचे डोके व मान तांबूस असते. मादी काळी असते. शेपटी दोघांचीही पांढरी. मादी जुन्या वृक्षाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते व नर फटीतून तिला फळे भरवितो. त्यामुळे उंबरवर्गीय फळझाडांइतकीच मोठ्या, पोकळ वृक्षांची त्याला गरज असते. खाल्लेल्या फळांच्या बिया दूरवर पडून वनाचीही वाढ होते.

बेट दीर्घकाळ निर्मनुष्य राहिले, हेच या पक्ष्याचे खरे संरक्षण होते. १९६९ मध्ये तेथे पोलीस चौकी आली. १९७६ मध्ये बकऱ्या आणल्या गेल्या. त्यांनी रोपे खाल्ल्याने वनाचे नूतनीकरण खुंटू लागले. गंमत अशी की, लगेच १९७७ मध्ये बेट अभयारण्य ठरले. बकऱ्या मात्र बऱ्याच काळानंतर हटविण्यात आल्या. तटरक्षक दलाच्या रडार प्रकल्पाला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१२ मध्ये नकार व २०१४ मध्ये संमती दिली. पूर्वीच्या गणनांत काही शेकडाच पक्षी आढळले होते. २०१९-२० च्या हिवाळ्यातील पाहणीत ही संख्या सु. १,००० असल्याचा अंदाज करण्यात आला.