ब्रेक शील्ड, पुढच्या चाकाची
मोटारीच्या पुढच्या चाकात डिस्कच्या आतल्या अंगाला बसवलेला पातळ पत्रा. याला डस्ट शील्ड असेही म्हणतात; गॅरेजमध्ये 'डिस्कमागचा पत्रा' म्हटले तरी भागते. हा बहुधा पोलादी, क्वचित ॲल्युमिनियमचा असून स्टिअरिंग नकलवर छोट्या बोल्टांनी आवळलेला असतो.

ड्रम ब्रेकच्या मागच्या प्लेटशी त्याची गल्लत करू नये. ती प्लेट जाड असते. ब्रेक शू आणि व्हील सिलिंडर तिच्यावरच बसतात, ब्रेकचा पीळही तीच सोसते. शील्डवर असा भार येत नाही. म्हणूनच 'काढून टाका, काही बिघडत नाही' असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नये. पावसाळ्यात रस्त्यावरचा चिखल आणि खडी डिस्कच्या आतल्या बाजूवर उडते. पॅडखाली कच शिरली की डिस्कवर चरे पडतात. घाट उतरताना तापलेल्या डिस्कची धगही हाच पत्रा अडवतो. त्याच्या पलीकडे बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडचे रबरी बूट असतात, आणि कडक होऊन तडकलेले रबर पुढे पत्र्याच्या कितीतरी पट खर्च काढते. 1955च्या सित्रोएन डीएसमध्ये पुढच्या डिस्क चाकात नव्हत्या, गिअरबॉक्सला लागून होत्या. चाकाच्या चिखलापासून त्या तशाच दूर राहत.

चाकातून किर्र आवाज आला म्हणजे शील्ड गेलीच असे नाही. पुष्कळदा डिस्क आणि पत्रा यांच्यामध्ये वाटाण्याएवढा खडा अडकलेला असतो, किंवा पत्र्याची कड आत वळून डिस्कला घासत असते. घासलेल्या जागी चकचकीत रेघ दिसते. कड बोटाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने अलगद बाहेर वळवली की काम होते. बोल्टांभोवतीचा पत्रा गंजून गेला असेल तर मात्र बदलणेच बरे. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत आणि थंड देशांत बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर ही वेळ लवकर येते.

बदलताना गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, जॅकवर उचलून स्टँडवर टेकवतात; नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नये. चाक, कॅलिपर, त्याचा ब्रॅकेट आणि डिस्क या क्रमाने उतरतात. कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगावा, होजवर लोंबकळू देऊ नये. खरी अडचण यानंतर येते. अनेक गाड्यांत शील्डचे मधले भोक हबच्या चकतीपेक्षा लहान असते, त्यामुळे हब काढल्याशिवाय पत्रा निघत नाही. हब-बेअरिंग बोल्टवर बसवलेले असेल तर एक्सलचा नट आणि मागचे बोल्ट सोडून पूर्ण जोड बाहेर येतो. बेअरिंग नकलमध्ये दाबून बसवलेले असेल तर प्रेस लागतो आणि हब ओढताना बेअरिंग बहुधा निकामी होते. म्हणून अशा गाडीत नवे बेअरिंग घालण्याची वेळ आली की त्याच हाताने शील्डही बदलून घ्यावी. मजुरी एकदाच पडते. काही मेकॅनिक नवा पत्रा एका जागी कापून, फाकवून हबभोवती सरकवतात. सगळे बोल्ट नीट बसत असतील आणि कापलेल्या कडेला गंजरोधक रंग दिला असेल तर ही तडजोड चालते.

बोल्ट गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कनेच आवळावेत. एबीएस सेन्सरची वायर मूळ क्लिपमध्ये परत अडकवावी, डिस्क हाताने फिरवून पत्रा कुठे लागत नाही ना ते पाहावे. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहावे, कारण कॅलिपर काढताना मागे सरकलेला पिस्टन पॅडला पुन्हा टेकेपर्यंत ब्रेक लागत नाही.